बिनघंटांची गाडी

गेल्या उन्हाळ्यात कौंटीवाल्यांनी जुन्या गाडीरस्त्याच्या तोंडाशी एक पितळी पाटी बसवली. बँड वाजला, लिंबूपाणी वाटलं, आणि सगळ्यांत म्हातारी म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं. खोरं आणि समुद्र जोडणारा हा रस्ता अमुक कंपनीने बांधला, अमुक तिचे अध्यक्ष, तमुक चिटणीस, असं पाटीवर लिहिलंय. त्या अध्यक्षाचे बूट एकदा तरी आमच्या चिखलात रुतले असते तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

रस्ता बांधला म्हणे! सरकारने कंपनीला मैलामागे जमीन दिली, म्हणून कंपनीला मैल हवे होते, रस्ता नको होता. दलदलीवर ओंडके आडवे टाकले की झाला मैल. पहिल्या पावसात ओंडके तरंगायला लागले. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. वर त्याच चिखलावर टोलचं फाटक उभं राहिलं. पण आम्हाला दुसरी वाट कुठे होती? खोऱ्यातला गहू बंदराला न्यायचा आणि बंदरावरून मीठ, खिळे, कापड, कॉफी आणायची, ती ह्याच वाटेने. उतारावर गाडी घोड्यांच्या अंगावर जाऊ नये म्हणून मागे अख्खं फरचं झाड तोडून बांधायचे. उताराच्या पायथ्याशी अशा झाडांचा ढीग पडलेला असायचा आणि बंदराकडची माणसं तो सरपणाला न्यायची.

ह्या रस्त्यात खरोखर बांधलेलं काही असेल तर तो कडा. नदी जिथे दोन डोंगरांमधून आवळून निघते तिथे खडक फोडून एका गाडीपुरती वाट काढली होती. दीडेक मैलाची. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला नदी. ती वाट अमासा टॅगर्टने आणि त्याच्यासारख्या दहा-बारा जणांनी पहारीने आणि सुरुंगाने काढली. अमासाची दोन बोटं तिथेच राहिली. पाटीवर अमासाचं नाव नाही, आणि त्याची बायको लव्हीना, तिचं तर नाहीच नाही. लव्हीनाचं नाव ह्या भागात लोक वेगळ्याच कारणाने घेतात. घेतात म्हणजे, खाली मान घालून, आवाज बारीक करून घेतात. तिने आपला मुलगा मारला, आणि त्याच्याबरोबर एक परकी पोर मारली, असं इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

मी त्या दिवशी गाडीवर तिच्या शेजारी बसले होते. काय झालं ते मला माहीत आहे. लव्हीनाची नात लेटी जिवंत असेतो तोंड उघडायचं नाही असं वचन मी तिला दिलं होतं. लेटी ह्या हिवाळ्यात गेली. आता सांगते.

मी नुकतीच लग्न होऊन इथे आले तेव्हा लव्हीना चाळिशीची होती. मी तिला मावशी म्हणायचे, सगळेच म्हणायचे. कड्याच्या वरच्या टोकाला तिचं घर. गाडीवाले तिथे थांबायचे, घोड्यांना पाणी पाजायचे, तिच्या हातचा पाव आणि घेवडा खायचे आणि मग कड्यावर उतरायचे. उंच, हाडापेराने रुंद, आणि बोलायला फटकळ. कोणी म्हणालं, "मावशी, कॉफी पातळ झालीय," तर म्हणायची, "खालून चिखल पीत आलास तेवढा पुरे नाही का झाला?" तिच्या दोन मुली घटसर्पाने एकाच आठवड्यात गेल्या होत्या. तेव्हा टॅगर्ट मंडळी अजून बंदरावरच राहत होती आणि रस्ता व्हायचा होता. त्या मुली बंदराच्या स्मशानात, समुद्राकडे तोंड असलेल्या टेकडीवर होत्या. अमासाने तिथेच शेजारची जागा राखून ठेवली होती, सगळ्यांना पुरेल अशी. मुलींच्या मागे उरला ऑरिन. तो मोठा झाला आणि टपालगाडी हाकायला लागला. बंदराहून खोऱ्यात, खोऱ्यातून बंदराला. त्याची बायको ऑगस्टा बंदरावरची, आणि त्यांची एक पोर, लेटी.

आता कड्याचा नियम सांगते, कारण सगळं त्यावर आहे. खाली नदी एवढी गर्जायची की माणसाची हाक दहा पावलांवर विरायची. म्हणून प्रत्येक गाडीच्या पुढच्या घोड्यांच्या मानेवर लोखंडी कमान असायची आणि तिच्यात पितळी घंटा. पितळेचा आवाज नदीला चिरून जायचा. कड्याच्या तोंडाशी यायचं, थांबायचं, ऐकायचं. समोरून घंटा आल्या तर खडकात कोरलेल्या बगलेत गाडी घालून उभं राहायचं आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचं. बिनघंटांची गाडी कड्यावर घालणाऱ्याला गाडीवाले चाबकाने फोडून काढायचे.

पण एक गोष्ट ह्या नियमाच्या वर होती. घरात मरण आलं की घोड्यांच्या घंटा उतरायच्या. प्रेत न्यायच्या गाडीच्याच नव्हे, जवळच्या नातलगांच्याही. कबरीवर माती पडेपर्यंत घोडे मुके. कोणी सुरू केलं कोण जाणे, पण आमच्या लोकांनी ते डोंगरापलीकडून येताना बरोबर आणलं होतं, आणि सुरुंग लावणारी, पाद्र्याला शिव्या देणारी माणसंसुद्धा ते मोडत नसत. कड्यावर प्रेत न्यायचं झालं तर एक माणूस पुढे चालत जायचा, बस्स.

अमासा फेब्रुवारीत छाती भरून गेला. पडून होता तेव्हाच ऑरिनला निरोप धाडला होता. मरण आल्यावर दोन दिवस रस्त्यावर दरड होती. वाट मोकळी झाली तशी लव्हीनामावशी म्हणाली, अमासाला टेकडीवर न्यायला आजच निघायचं, गाडी मीच हाकते. पाऊस नव्हता, धुकं होतं. माझा नवरा हायरम आणि शेजारी गुरांचं आवरून मागून घोड्यांवर येणार होते. हायरमने पुढे येऊन लगाम धरला.

"मावशी, कड्यापुरत्या तरी घंटा राहू देत. खाली उतरलीस की काढ."

"अमासा म्हणजे काय खारवलेल्या मांसाचं पिंप आहे का रे, घंटा वाजवत न्यायला?"

"मग थोडं थांब. मी पुढे चालतो."

"तुझी गाय व्यायला झालीय, तिच्याकडे बघ. आज टपालाचा वार नाही. आणि ह्या चिखलात माल घेऊन कोण येतंय मरायला?"

मी म्हटलं, मी चालते पुढे. तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "क्लॅरी, बस गपचूप. गुडघाभर चिखल आहे." आणि खरंच वार नव्हता. हायरमलाही ते पटलं, मलाही पटलं. आजही मला त्यात कुणाची चूक सांगता येत नाही.

पण ऑरिनला निरोप पोचला होता. त्याने वाराची वाट बघितली नाही. टपालाच्या साहेबाची परवानगी काढून रिकामी टपालगाडी जोडली आणि निघाला. बरोबर एक पोरगी घेतली, मिस युडोरा पेल. आमच्या शाळेवर मास्तरीण म्हणून येणार होती, बंदरावरच्या औषधवाल्याची मुलगी. तिला शाळा लवकर सुरू करायची होती, म्हणाली मलाही न्या. कड्याच्या पायथ्याच्या मुक्कामाला ऑरिनला एक घोडेस्वार भेटला आणि त्याने बाप गेल्याचं सांगितलं. त्या मुक्कामाच्या माणसाने हे पुढे हायरमला सांगितलं. ऑरिन टोपी काढून उभा राहिला, एवढंच त्याने पाहिलं. मग तो पाणी आणायला गेला आणि परत आला तोवर गाडी निघून गेली होती; तेवढ्यात ऑरिनने काय केलं ते त्याने पाहिलं नव्हतं.

कड्याच्या तोंडाशी मावशीने घोडे उभे केले. ऐकलं. मीही ऐकलं. नदीशिवाय काही नव्हतं. मग आम्ही उतरलो.

कड्याच्या मध्यावर खडकाचं एक नाक पुढे आलंय. त्या नाकाला वळसा घातला आणि समोर ऑरिनची गाडी. दोन्हीकडचे घोडे एकदम मागच्या पायांवर उठले. आम्ही भिंतीकडून होतो, तोही भिंतीकडूनच येत होता. त्याने आईला पाहिलं. मागची शवपेटी पाहिली. मी त्याचा चेहरा पाहिला, तेवढाच क्षण. मग त्याने दोन्ही हातांनी लगाम बाहेरच्या बाजूला ओढला, नदीच्या बाजूला. आमची धडक वाचली. त्याच्या गाडीचं बाहेरचं चाक काठावरून सरकलं, काठ सुटला आणि गाडी, घोडे, ऑरिन, ती पोरगी, सगळं खाली गेलं.

लगाम माझ्या हातात देऊन मावशी खडकावरून खाली उतरायला लागली. मी घोडे भिंतीतल्या कडीला बांधले आणि तिच्या मागे गेले. अजूनही मला कळत नाही कशी गेले. ऑरिन पाण्याच्या काठाला पालथा पडला होता, मान मोडलेली. मिस पेल थोडा वेळ जिवंत होती. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिने मला विचारलं, "माझी ट्रंक भिजली नाही ना?" मी म्हटलं, नाही बाळ, कोरडी आहे. मग तीही गेली. ट्रंक नदीत तरंगत बंदराकडे चालली होती.

मागे वळून बघितलं तर मावशी मोडलेल्या गाडीपाशी बसली होती. हाकणाऱ्याच्या बैठकीखालून तिने गोणपाट ओढून काढलं होतं. त्यात घंटांची कमान. नीट गुंडाळलेली, आवाज होऊ नये म्हणून घंटांच्या जिभांना चिंध्या बांधलेल्या.

"ह्यानेही काढल्या," ती म्हणाली. "बापासाठी काढल्या बघ ह्याने."

मला रडू फुटलं. तिला नाही. ती त्या चिंध्या एकेक करून सोडायला लागली. मला वाटलं दुःखाने तिचं डोकं फिरलं. मग ती कमान घेऊन मेलेल्या घोड्याकडे गेली.

"क्लॅरी, इकडे ये. हा पट्टा ओढून धर."

"मावशी, काय करतेस गं?"

"लेटी तीन वर्षांची आहे. आज ना उद्या ह्या मेलेल्या पोरीचा बाप येईल आणि विचारील, माझी मुलगी कोणी मारली. त्याला कोणीतरी लागेलच. टपालाच्या गाडीच्या घंटा काढून प्रवासी घेऊन कड्यावर चढला म्हटल्यावर ऑरिनचं नाव कोण आदराने घेईल? लेटीला शाळेत काय म्हणतील?"

"मग त्याला काय सांगायचं?"

"त्याच्या घंटा वाजत होत्या. मी ऐकल्या, आणि थांबले नाही. धर म्हणते ना पट्टा!"

मी धरला. घोड्याची मान अजून गरम होती. ती कमान आवळत होती आणि घंटा वाजत होत्या, आणि त्या घळीत तो आवाज असा काही घुमला की मी दात आवळून घेतले. हायरम आणि मंडळी वर पोचली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं.

तपासणीचा अधिकारी तिच्याच स्वयंपाकघरात बसला. तिने त्याला कॉफी दिली आणि सांगितलं, घंटा ऐकल्या, वाटलं बगलेपर्यंत पोचू, पोचलो नाही. त्याने मला विचारलं. मी म्हटलं, हो, वाजत होत्या. खोटं बोलले, आणि तीच वेळ पुन्हा आली तर पुन्हा बोलेन. हायरमलासुद्धा मी आयुष्यभर सांगितलं नाही, आणि तो बिचारा मरेपर्यंत म्हणत राहिला, मावशीसारखी बाई असं कसं करील. मिस्टर पेल म्हणजे मास्तरणीचा बाप आला. हॅट टेबलावर ठेवून उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "बाई, तुम्ही तर मेलेल्या माणसाला नेत होता. तुम्हाला घाई कसली होती?" ती त्याच्या पायाकडे बघत राहिली.

अमासा आणि ऑरिन दोघांनाही बंदराच्या टेकडीवर मुलींच्या शेजारी पुरलं. मावशी दूर, फाटकापाशी उभी होती. ऑगस्टाने तिला जवळ येऊ दिलं नाही. त्या बाईला मी दोष देत नाही. चोविसाव्या वर्षी नवरा गेला, तिने काय करायला हवं होतं?

पुढची वर्षं कशी गेली ते थोडक्यात सांगते, कारण ती सगळी सारखीच होती. गाडीवाले मावशीच्या दाराशी थांबेनासे झाले. घोड्यांना पाणी पाजायला आमच्याकडे यायचे, मैलभर पुढे. तिच्या घरावरून जाताना घोड्यांना चाबूक मारायचे, आणि काही टवाळ मुद्दाम घंटा हलवायचे. ती दारात उभी राहून ऐकायची. दर हिवाळ्यात लेटीसाठी लोकरीचे हातमोजे विणून बंदराला पाठवायची आणि दर हिवाळ्यात ते परत यायचे. मी म्हणायचे, कशाला गं हात दाखवून अवलक्षण? ती म्हणायची, "माप कळतं ना. एवढा झाला असेल हात आता." परत आलेले हातमोजे आमच्या पोरांनी वापरले. फुकट कशाला घालवायचे म्हणून तिनेच दिले.

मग रेल्वे आली, आणि ती दुसऱ्याच खिंडीतून गेली. कंपनीने जमिनी केव्हाच विकून टाकल्या होत्या. टोलचं फाटक कोणीतरी सरपणाला नेलं. मालगाड्या थांबल्या, टपाल आगगाडीने जायला लागलं. कड्यावर उन्हाळ्यात एखादा मेंढपाळ, एरवी कोणी नाही. तरी मावशी दर वसंतात फावडं घेऊन जायची आणि बगलांमध्ये पडलेले दगड बाहेर ढकलायची. हायरमने एकदा विचारलं, "मावशी, आता कोण जातंय इथून?" म्हणाली, "तू आलास ना."

लेटी वाढली ती बापाच्या नावावर वाढली. बंदरावर ऑरिन टॅगर्टचं नाव मोठं होतं. आईला वाचवायला स्वतः नदीत गेला, असं सगळे म्हणायचे, आणि ते खरंच होतं. शाळेत त्याचं उदाहरण सांगायचे. मिस्टर पेलसुद्धा लेटीला दुकानात बोलावून गोळ्या द्यायचा, बिचाऱ्या पोरीचा बाप आणि आपली मुलगी एकाच बाईने घालवली म्हणून. मावशीला हे कोणी सांगितलं की ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. गोळ्या कुठल्या, तेसुद्धा विचारायची.

मावशी गेली त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. तोपर्यंत नदीच्या पलीकडून मोटारींचा रस्ता झाला होता. एका दुपारी मी मावशीकडे ब्लॅकबेरी निवडत बसले होते. पुलावरून एक मोटार अलीकडे आली आणि अंगणात थांबली. चालवणारा नवरा आतच बसून राहिला, मागे एक लहान मुलगा. बाई उतरली. मी तिला कधी पाहिली नव्हती, पण कपाळ ऑरिनचं होतं. मावशीच्या हातातून टोपली पडली.

लेटी आत आली. बसली नाही. मावशी खुर्ची पुढे सरकवत होती, ती तशीच राहिली.

"माझी आई गेली," लेटी म्हणाली. "आता मला कोणी अडवणारं नाही. मी लहानपणापासून लोकांच्या तोंडून ऐकत आले. एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय. माझ्या वडिलांच्या घंटा तुम्ही ऐकल्या होत्या का?"

पोर स्वतः येऊन विचारत होती. एवढ्या वर्षांत कोणी असं विचारलं नव्हतं. आणि तिच्या आवाजात मला ऐकू येत होतं, की तिला 'नाही' ऐकायचं होतं. 'नाही, बाळ, काही ऐकू आलं नाही,' एवढं म्हटलं असतं तर ती त्या खुर्चीत बसली असती.

मावशी तिच्याकडे बघत होती. पोटभर बघून घेत होती.

"ऐकल्या," ती म्हणाली. "स्पष्ट ऐकल्या."

"मग थांबला का नाहीत?"

"घाई होती."

लेटी म्हणाली, "मी येताना ह्यांना म्हणत होते, म्हातारी काहीतरी वेगळं सांगेल. मी वेडीच. टेकडीवर वडिलांच्या शेजारची जागा रिकामी आहे. ती तुम्हाला मिळणार नाही, हे सांगून जाते."

"बरं," मावशी म्हणाली.

लेटी दाराकडे वळली. मग मावशीने विचारलं, अगदी हळू, "तो मुलगा तुझा का गं?"

"माझा."

"काय नाव?"

"ऑरिन," लेटी म्हणाली. "दुसरं काय असणार?" आणि गेली. पोराला तिने खाली उतरवलं नाही. त्याने काचेला नाक लावून आमच्याकडे बघितलं, आणि मोटार पुलाकडे वळली.

मी उठले ती तणतणतच. "आत्ता जा! आत्ता हाक मार तिला! सांगून टाक गं बाई, तुझ्या पाया पडते! मी सांगते, मी होते तिथे!" मी दारापर्यंत गेलेसुद्धा. तिने माझा दंड धरला. ऐंशीच्या घरातली बाई, पण पकड पहारीसारखी.

"बस क्लॅरी. तिला बाप एकच आहे. आजीवाचून काही अडलं नाही तिचं."

मी खाली बसून रडले. तिने सांडलेल्या बेरी गोळा केल्या, पाण्यात टाकल्या, एकेक चोळून धुतल्या. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच विचारलं, "ऑरिनच म्हणाली ना ती?"

"हो मावशी. ऑरिनच."

थोड्या वेळाने परत, "नीट ऐकलंस ना तू?"

"नीट ऐकलं."

तिने ओले हात एप्रनला पुसले आणि आमच्या दोघींसाठी कॉफी ठेवली.